हाडोळ्यावरची कापणी

रामहरी आण्णांनी आपणहून जय भीम घातला, तेव्हाच सिद्धोधन सावध झाला. पंचवीस वर्षं तो गावची कोतवालकी करत होता, पण या माणसानं त्याला कधी नावानं हाक मारली नव्हती. 'ए कोतवाल' एवढ्यावर सगळा कारभार भागायचा. मध्यंतरी सरकारनं कोतवालाचं नाव बदलून महसूल सेवक केलं, तरी आण्णांच्या तोंडी कोतवालच राहिला. आज मात्र आण्णा पायी चालत बौद्धवाड्यात आले, त्याच्या ओट्यावर टेकले, पारूबाईला "वहिनी, चहा टाका" म्हणाले आणि तो चहा बशीत ओतून शेवटच्या घोटापर्यंत प्याले. पारूबाईनं दारातून नवऱ्याकडं नुसतं बघितलं. माजी सरपंच आपल्या घरचा चहा पितो म्हणजे मागणं लहानसहान नाही, हे दोघांनाही कळलं होतं.

तसा सिद्धोधन जात्याच काळजी करणारा. गावात कुणाची शेळी हरवली तर शेळीवाला निवांत जेवायचा आणि याचं अन्न वर यायचं. तहसीलला टपाल देऊन आल्यावर दोनदा खिसा चाचपून बघायचा की चुकून काही राहिलं तर नाही. लोक त्याची चेष्टा करायचे, तोही हसायचा. पण या खेपेला काळजी त्याच्या एकट्याची नव्हती, सगळ्या गावाची होती, आणि ती गावानं आणून त्याच्या ओट्यावर ठेवली होती.

गाव पेडगावच्या पल्याड, दुधनेच्या काठी. नाव सांगत नाही, उगाच कुणाला तरी लागायचं. भाद्रपद सरता सरता नदीनं पात्र सोडलं आणि काळ्या रानात येऊन मुक्कामच ठोकला. पाणी ओसरलं तेव्हा सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच मोड आले होते. ज्या रानावर गावानं आजवर मिशीला पीळ दिला, त्या रानातून कुजका वास यायला लागला. वाचला तो फक्त माळ, आणि माळावर सिद्धोधनचा हाडोळा.

हाडोळा म्हणजे गावकीच्या कामाच्या बदल्यात त्याच्या वाडवडलांना मिळालेली जमीन. त्यांनी गावाची मेलेली जनावरं ओढली, दवंड्या दिल्या, साहेबांचे घोडे धरले, आणि गावानं त्यांना असा तुकडा दिला की ज्यात नांगर घातला तर दर पावलाला दगड वाजतो. कुणी बटईनंसुद्धा कधी मागितला नाही. यंदा मात्र उतारावरून पाणी वाहून गेलं आणि मातीत नेमका ओलावा राहिला. सोयाबीन कमरेला लागलं. शेंगा अशा लगडल्या होत्या की पारूबाई रोज संध्याकाळी एकदा जाऊन नुसती बघून यायची.

आणि त्याच तुकड्यात सरकारचा कापणी प्रयोग लागला होता. दर वर्षी कृषी खात्याची माणसं येतात, आसपासच्या गावांचं मिळून जे महसूल मंडळ असतं त्यातल्या काही मोजक्या शेतांत दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद असा चौकोन आखतात, तेवढंच पीक कापतात, झोडतात आणि तोलतात. या थोड्या चौकोनांच्या सरासरीवर सगळ्या मंडळाचं पीक ठरतं. पीक बुडालं की नाही आणि विमा मिळणार की नाही, हेही यंदापासून सगळं त्या काट्यावरच आलं होतं. शेत कुणाचं घ्यायचं ते चिठ्ठी टाकल्यासारखं आकड्यांनी निघतं. पेरण्या झाल्या तेव्हाच सिद्धोधनचा गट नंबर निघाला होता. तेव्हा सगळे हसले होते, की माळावर काय कापणार, गोटे?

आता कुणी हसत नव्हतं. मंडळात बाकी ठिकाणी काटा दोन-तीन किलोच्या पुढं सरकत नव्हता. एका हाडोळ्यानं भरभरून वजन दिलं तर सरासरी वर जाईल आणि बुडालेल्या सगळ्यांचा विमा हुकेल, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ झालं होतं.

आण्णांनी बशी खाली ठेवली. पाऊस, नदी, देवाधर्माचं बोलून झालं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "सिद्धोधन, गाव तुझ्या हातात हाय बाबा. जनावरं सुटतेत, रानात शिरतेत. चौकोनापुरतं काय व्हायचं ते व्हईल. तुझ्या घरात वर्साचे दाणे आमी भरतो."

सिद्धोधननं एवढंच म्हटलं, "बगतो आण्णा." आण्णा उठून गेले आणि ते दोन शब्द त्याच्या मागं लागले. हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं, आणि गावानं त्याचा अर्थ हो असाच घेतला होता. दुसऱ्या दिवशी पारावर लोक त्याला सरकून जागा द्यायला लागले. त्या जागेवर बसताना त्याला काटे टोचल्यासारखं व्हायचं.

भीती एका बाजूची असती तर त्यानं सोसली असती. सरकारचा नोकर असून सरकारच्या प्रयोगात जनावरं घातली हे उघडकीला आलं तर कोतवालकी जाणार. न घालावीत तर माळाकडं जाणारी गाडीवाट आण्णांच्या बांधावरून जाते, आणि आण्णा काही बोलून दाखवणारे नाहीत, सरळ काट्यांची काटी टाकून वाट बंद करणारे. शिवाय गाव खोटं बोलत होतं असंही नव्हतं. रानं खरोखर बुडाली होती. त्याच्या एकट्याच्या तुकड्याचं वजन खरं निघालं तर ते साऱ्या गावाबद्दल खोटं सांगणार होतं. हा गुंता तो मनात उलगडायला बसायचा आणि हातातला घास हातातच राहायचा.

त्यात भागवत. भागवत आणि तो शाळेत एका पाटीवर लिहिलेले. त्या काळी बौद्धवाड्यातल्या पोराशेजारी बसतो म्हणून भागवतनं बापाचा मार खाल्ला होता आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच येऊन बसला होता. आता त्याची तीन एकर नदीकाठची जमीन चिखलात गेली होती. ऊसतोडीचा मुकादम दोनदा घरी येऊन गेला होता. भागवतनं त्याची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, अजून घेतली नव्हती. विमा मिळणार असं दिसलं तर उसनवारीवर हरभरा पेरून गावातच राहीन, नाहीतर बायकोला घेऊन कोयत्यावर जाईन, असं त्यानं ठरवलं होतं. त्याच्या घराण्यात कुणी कोयता धरला नव्हता. पोरगी ज्ञानेश्वरी दहावीला होती. भागवत सिद्धोधनला रोज भेटत होता, तंबाखू मळून देत होता, आणि कापणीचं अवाक्षर काढत नव्हता. त्यानं काही मागितलं असतं तर सिद्धोधनला बरं वाटलं असतं, निदान रागावता तरी आलं असतं.

सिद्धोधनला या दिवसांत आज्याची फार आठवण यायची. आजा सटवाजी निजामाच्या अमलात गावचा माहितगार महार. पीक बघायला गिरदावर, म्हणजे महसुलाचा साहेब, यायचा, आणि बघायचा म्हणजे नुसतं डोळ्यांनीच. बांधावर उभा राहून नजर फिरवायची आणि सांगायचं, आठ आणे पीक, दहा आणे पीक. सोळा आणे म्हणजे भरलेलं पीक. ते कुणी कधी पाहिलेलं नव्हतं आणि ते केवढं असतं हे कुठं लिहिलेलंही नव्हतं, पण हिशेब सगळा त्याच्यावरून. आणे कमी लागले तर शेतसाऱ्यात सूट मिळायची आशा. म्हणून गिरदावर यायच्या आदल्या दिवशी पाटील सटवाजीला बोलावून सांगायचा की साहेबाला अमुक वाटेनं न्यायचं. सटवाजी काठी घेऊन पुढं चालायचा, मागं गिरदावर, त्याच्या मागं पाटील मान खाली घालून. जिथं पीक विरळ, रोगट, जिथं रानडुकरांनी लोळण घेतलेली, ती वाट. तिथले आणे तालुक्याला जायचे, तिथून हैदराबादेला. दरबारातल्या लोकांना वाटत असेल की आपल्याला मुलखाचं पीक कळलं, पण त्यांना कळायची ती सटवाजीची वाट.

इंग्रजांच्या मुलखातही याहून निराळं नव्हतं म्हणतात. गव्हाचे, कापसाचे अंदाज विलायतेतल्या व्यापाऱ्यांपर्यंत जायचे आणि मुळाशी असायचा बांधावर उभा राहिलेला कुणीतरी अडाणी नाहीतर लबाड माणूस. पुढं बिहारकडं एका गोऱ्या अधिकाऱ्याला याचा वीट आला. त्यानं ठरवलं की शेत कुणी दाखवायचं नाही आणि कुणी निवडायचं नाही. आकडे काढायचे, ते सांगतील तिथं जायचं, तेवढाच तुकडा कापायचा आणि तोलायचा. कृषी सहायक माधवी मॅडमनी ही गोष्ट प्रशिक्षणात ऐकून मागं एकदा सिद्धोधनला सांगितली होती. तेव्हा त्याला आज्याचा फार अभिमान वाटला होता. एवढ्या मोठ्या राज्याला ज्याच्यासारख्यांमुळं डोकं लढवावं लागलं, तो माणूस आपल्या घरातला.

पण आकडे काढले म्हणून वाट बंद झाली असं नाही. राज्यं आली आणि गेली, सरकारपुढं पीक कमी दाखवायची सवय काही गेली नाही. दर वर्षी कापणी प्रयोगात टेप धरायचं काम कोतवालाकडंच. चौकोन आण्णांच्या नाहीतर त्यांच्या भावकीच्या रानात लागला की आण्णा खाकरायचे आणि सिद्धोधनची टेप जराशी आखडायची. पेंढी उचलताना एखादी पायाखाली राहायची. यात आपण काही वाईट करतो असं त्याला कधी वाटलं नव्हतं. गावाच्या भल्याचं, वडिलोपार्जित काम होतं ते.

कापणीला आठवडा उरला तेव्हा जिवाचा धडा करून तो पेडगावला गेला आणि माधवी मॅडमना रस्त्यातच गाठलं. मॅडम तरुण, भरभर बोलणाऱ्या, दहा गावांत स्कूटीवर फिरून करपलेल्या. त्यानं विचारलं की आपला गट बदलून दुसरा घेता येतो का. मॅडम म्हणाल्या, काका, तसं बदलता आलं असतं तर आकडे काढायचेच कशाला. मग त्यांनी गाडी स्टँडवर लावली, फोन काढला आणि त्याला समजावून सांगितलं की विमा कधी मिळतो. मागच्या सात वर्षांतल्या पाच चांगल्या वर्षांचं सरासरी पीक धरतात, त्यातही शंभरातले सत्तर धरतात. त्याला म्हणतात उंबरठा. यंदाचं पीक त्या उंबरठ्याच्या खाली गेलं तरच पैसे.

"तुमच्या मंडळाचा उंबरठाच इतका खाली आहे, काका," मॅडम म्हणाल्या, "की पीक सडलं तरी त्याच्या खाली जाणं अवघड. शेजारच्या मंडळाचा बघा, जवळजवळ दुप्पट. माती तर तीच आहे. इतकी वर्षं तुमच्याकडं वजन कमी कसं लागत आलं, मला कळत नाही."

सिद्धोधनला ते कळलं. ज्या वर्षी पीक पिकलं त्या वर्षी आपण ते बुडालं म्हणून दाखवलं, आणि आता खरंच बुडालं तर त्या खोट्या आकड्यांच्या मानानं ते बुडालेलं दिसत नव्हतं. गावानं, आणि तसंच करणाऱ्या आसपासच्या गावांनी, आपल्याच हातानं आपला उंबरठा खाली नेला होता आणि इथल्या टेपचं टोक याच्या हातात होतं. मॅडम हुशार बाई. त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं, पुढं काही विचारलं नाही आणि गाडी सुरू केली.

घरी येईपर्यंत त्याचं ठरलं की जनावरं घालायची नाहीत. त्यानं आण्णांना जाऊन तसं सांगितलं. उंबरठ्याचं त्यानं सांगून पाहिलं, पण आण्णांना मागच्या सात वर्षांशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी बराच वेळ दात कोरला आणि मागण्याची एक पायरी खाली उतरले. जनावरं राहू दे म्हणाले, पण झोडणी तर तुझ्याच रानात होणार. ताडपत्री फाटकी टाक, काठी जोरात हाण. दगडगोट्यांत गेलेला दाणा कोण वेचत बसतंय? यात काही गुन्हा नाही आणि कुणाला दिसतही नाही. सिद्धोधननं हो म्हणून मान हलवली. हलवली तेव्हा त्याला सुटल्यासारखं वाटलं आणि घरी पोचेपर्यंत लाज वाटायला लागली.

पारूबाईला त्यानं सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं पावसाळाभर त्या माळावर वाकून खुरपलं होतं, दगड वेचून बांधावर टाकले होते. भाकरी तव्यावर टाकून, हात पुसून म्हणाली, "ह्या रानाला पयल्यांदा कुणी तरी इचारायलंय, तू किती देतंस म्हणून. अन् तुमी त्याला कमी बोल म्हणायलाव."

त्याला राग आला. त्यानं भागवतचं नाव काढलं, ज्ञानेश्वरीच्या शाळेचं काढलं. पारूबाई म्हणाली, मला कळतंय की ते सगळं, मी कुठं नको म्हणाले. आणि फाटकी ताडपत्री तिनंच कोपऱ्यातून काढून दाराशी ठेवली.

कापणीच्या दिवशी सकाळीच अर्धं गाव माळावर आलं. एरवी या कामाला कुत्रंही फिरकत नाही. माधवी मॅडम आल्या, तलाठी आले, विमा कंपनीचा टोपीवाला पोरगा हातात फोन धरून आला. आण्णा बांधावर छत्री उघडून बसले. मॅडम म्हणाल्या, शेत कोतवालाचंच आहे, तेव्हा टेप त्यांनी धरायची नाही, दुसरं कुणीतरी या. आण्णांनी लगेच भागवतला पुढं केलं. त्यांचा हिशेब साधा होता. ज्याचं सगळ्यात जास्त जायचं होतं, त्याच्याच हातात टोक द्यायचं, म्हणजे आखडायला त्याला सांगावं लागणार नाही.

आकड्यांप्रमाणे पावलं टाकत मॅडम शेतात शिरल्या आणि थांबल्या त्या नेमक्या पारूबाई रोज उभी राहून बघायची त्या जागी. माळावरचं सगळ्यात जोमदार पीक तिथलंच. बांधावर कुजबुज झाली. भागवतनं टेप ओढली. सिद्धोधन त्याच्या मनगटाकडं बघत होता. आयुष्यभर हेच काम केल्यामुळं टेप कुठं ढिली पडते, कुठं आखडते, हे त्याला लांबूनही कळायचं. भागवतला या कामाचं काही ज्ञान नव्हतं. त्यानं बैलाचा कासरा ओढावा तशी टेप सरळ ओढली, खुंटी रोवली आणि उभा राहिला.

कापणी झाली. पेंढ्या फाटक्या ताडपत्रीवर आल्या. सिद्धोधन आणि भागवत समोरासमोर काठ्या घेऊन बसले. सिद्धोधननं पहिली काठी घातली तीच जोरात. शेंगा तडकल्या, दाणे उडाले, काही ताडपत्रीच्या भोकांतून खाली गेले, काही पार गोट्यांत. त्यानं दुसरी घातली, तिसरी घातली. आण्णांनी छत्रीच्या आडून मान डोलावली. सिद्धोधन हाणत राहिला, आणि झोडणी संपली तेव्हा त्याच्या अंदाजानं चौथाई माल तरी मातीत गेला होता. त्याला वाटलं, आता काट्यावर चढवलं की संपलं, गाव सुटलं, भागवत सुटला.

तेवढ्यात भागवतनं काठी बाजूला ठेवली आणि गुडघे टेकले.

त्यानं ताडपत्रीच्या कडेचे दाणे आधी सारून घेतले. मग ताडपत्री उचलून खालचे गोळा केले. मग तो रांगत दगडांपर्यंत गेला आणि गोटा बाजूला करून त्याच्या खालचा एकेक दाणा चिमटीनं उचलायला लागला. ओंजळ भरली की येऊन ढिगावर टाकायची आणि परत जायचं. त्याचं कुणाकडं लक्ष नव्हतं. आण्णा खाकरले. पुन्हा खाकरले. कंपनीच्या पोरानं घाई करत मॅडमना विचारलं की एवढं कशाला, चार दाण्यांनी काय होतंय. मॅडम म्हणाल्या, वेचू द्या, नियम तसाच आहे.

सिद्धोधनला फक्त 'राहू दे' म्हणायचं होतं. शेत त्याचं, माल त्याचा, त्यानं राहू दे म्हटलं तर कुणाला काही वाटलं नसतं. शब्द ओठांपर्यंत आलाही. समोर भागवत ओणवा होऊन मातीला नाक लागेल इतका वाकला होता. त्याच्या स्वतःच्या तीन एकरांत यंदा असं वेचायला काही राहिलं नव्हतं. सिद्धोधननं तो शब्द गिळला. बांधावरच्या दोन म्हाताऱ्या पदर खोचून खाली उतरल्या आणि त्याही वेचायला लागल्या. त्यांची रानंही नदीकाठचीच होती. दाणे मातीत पडलेले त्यांना बघवत नव्हते, यापलीकडं त्यांच्या मनात काही आलं असेल असं वाटत नाही. शेवटी सिद्धोधनही खाली बसला. आपणच उडवलेले दाणे तो आपल्या हातानं वेचत होता आणि त्याचे डोळे भरून येत होते.

वजन भरलं साडेदहा किलो. पोरानं काट्याचा फोटो घेतला. मॅडमनी आकडा मोठ्यानं वाचला. सिद्धोधनला क्षणभर आनंद झाला. या जमिनीनं काळ्या रानाला मागं टाकलं हे आज सरकारच्या तोंडून सगळ्या गावानं ऐकलं होतं. दुसऱ्याच क्षणी त्याला त्या आनंदाची किळस आली. आण्णांनी छत्री मिटली आणि कुणाशी न बोलता निघून गेले. त्यांच्या मागं बाकीचे गेले.

कापलेला माल शेतकऱ्यालाच परत द्यायचा असतो. सिद्धोधननं पिशवीचं तोंड बांधून ती भागवतच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाला, बियाला ने. भागवतनं आढेवेढे घेतले नाहीत. दाणा हातात घेऊन दाताखाली फोडून बघितला, चांगला आहे म्हणाला आणि पिशवी खांद्यावर टाकली.

आकडा जाहीर व्हायला माघ उजाडला, आणि मंडळ उंबरठ्याच्या जरासंच वर निघालं. पण गावाला ते कापणीच्या दिवशीच कळलं होतं. सिद्धोधनला कुणी शिवी दिली नाही की हात लावला नाही. पारावरची त्याची जागा मात्र पुन्हा भरून गेली. गाडीवाटेवर बोरीची काटी पडली. आण्णा समोर आले की जय भीम नाही आणि कोतवालही नाही. तो दिसतच नाही असं करून पुढं जायचे. सिद्धोधनला हे सगळं अपेक्षित होतं. ज्याची त्याला खरी भीती होती ते त्याच्याही आधी, दिवाळी झाल्यावर झालं. भागवतनं मुकादमाची उचल घेतली.

ट्रॅक्टर सकाळी आला. ट्रॉलीत आधीच दोन बिऱ्हाडं चढलेली होती, त्यांच्या कोंबड्या, पत्रे, चुलीची लोखंडी जाळी. भागवतच्या बायकोनं डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला होता, गावातल्या बायकांनी बघू नये म्हणून. ज्ञानेश्वरीला मामाकडं पोखर्णीला ठेवलं होतं, परीक्षा होईपर्यंत. सिद्धोधन जाऊ की नको करत घरातून तीनदा उंबऱ्यापर्यंत आला आणि शेवटी गेला. भागवत घराला कुलूप लावत होता. त्याला बघून तो पुन्हा आत गेला आणि ती सोयाबीनची पिशवी घेऊन बाहेर आला.

"तुझ्याकडं ठेव," तो म्हणाला. "बंद घरात उंदरं लागतील. म्या आलो की पेरीन."

सिद्धोधननं पिशवी घेतली. कापणीपासून जे बोलायचं होतं ते त्याला आता आवरेना. "तवाच म्या राहू दे म्हणायला पायजे व्हतं, भागवत. आण्णाला कबूलबी केलतं. तू वेचायलास अन् माजं तोंडच उघडलं न्हाई. एक शब्द बोललो असतो तर तू आज गावात ऱ्हायला असतास."

भागवतला यातलं काही नवीन वाटलं नसावं. त्यानं किल्ली करगोट्याला बांधली, गाठ ओढून बघितली. ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न वाजवला.

"बोलला असतास तरी म्या वेचलंच असतं," तो म्हणाला. "मला ठाऊक व्हतं की, सिद्धू. पयल्या ओंजळीलाच ध्यानात आलं, का ह्ये आपल्याच गळ्याला लागायलंय. पर दाणे व्हते ते."

मग तो ट्रॉलीत चढला. वर गेल्यावर त्यानं बायकोच्या बाजूचे पत्रे सरकवून तिला टेकायला जागा करून दिली.